कोळशाच्या चार रेघा

१ मार्च, शनिवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. आईला आणि बाबांना माझा नमस्कार सांग. दादाला सांगू नकोस. सांगायचाच असेल तर तुझ्या जबाबदारीवर सांग, मी पाठवलेला नाही.

मी टाइप का करत नाही, असं तू विचारलंस. टाइप करायला घेतलं की माझं भांडण होतं, तुला अनुभव आहे. हाताने लिहिलं की वाक्य संपेपर्यंत निम्मा राग उतरतो. शिवाय वस्तीवर नेट नाही. बुधवारी आणि शनिवारी आमची जीप शहरात जाते, तेव्हा या पानांचे फोटो काढून तुला धाडतो. अक्षर लागलं नाही तर दोष फोनचा.

माझं बरं चाललंय. सकाळी साडेपाचला शिट्टी वाजते. आमच्या गटाची प्रमुख एक चाळिशीची बाई आहे, तिच्या गळ्यात चोवीस तास शिट्टी लटकलेली. आम्ही तिला शिट्टीच म्हणतो आणि ते तिला माहीत आहे. एका खोलीत आठ जण, चार दुमजली खाटा. माझी वरची. छत इतकं जवळ की उठताना रोज कपाळ आपटतं आणि रोज मी छताला शिव्या देतो, मग खालच्या खाटेवरचा उशीत तोंड खुपसून हसतो. गुरुवारी संडास धुण्याची पाळी माझी. हे आईला सांगू नकोस, तिला वाटेल पोराचे हाल चाललेत. दादाला तर मुळीच नको, त्याला आनंद होईल.

सकाळी बांधकाम, दुपारी रोपांना पाणी, संध्याकाळी मुलांना गणितं. हो, मीच. तिसऱ्या सेमिस्टरला गणितात उडालेला माणूस इथे भागाकार शिकवतो आणि मुलं ऐकून घेतात, कारण त्यांना माझी भाषा धड कळत नाही.

वस्तीत साठेक घरं आहेत. बायका पहाटे कामावर जातात आणि लहान पोरं दिवसभर रस्त्यावर. म्हणून आम्ही पाळणाघर बांधतोय. दोन खोल्या, मधे चूल मांडण्यापुरती जागा, वर स्लॅब. आम्हा स्वयंसेवकांना पाठवणाऱ्या संस्थेचा नियम असा की बाहेरून आलेल्याने पुढारपण करायचं नाही. काम वस्तीचं, आपण फक्त हात लावायचा. गेल्या रविवारी स्लॅब टाकला. सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत साठ घरांची माणसं रांगेत उभी आणि घमेली हातोहात वर. माझ्या शेजारी वस्तीतली एक जुळ्यांची आई होती. तिने एकदाही थांबून पाठ सरळ केली नाही, म्हणून मलाही करता येईना. रात्री चमचा धरवत नव्हता. पण वहिनी, इतकं छान मला कॉलेजात कधीच वाटलं नव्हतं.

इथला मुख्य गवंडी सत्तरीला टेकलाय. चालतो एकदम ताठ, बोलतो अगदी कमी. मी मनात त्याला ओळंबा म्हणतो, भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात तो. तो मला पाणीवाला म्हणतो, कारण स्लॅबला पाणी मारायचं काम त्याने मला दिलंय. सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. आणि त्याची एक पद्धत आहे. पाणी मारून झालं, स्लॅबवर अंथरलेली गोणपाटं भिजली, की जिन्याजवळच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. ज्याने पाणी मारलं त्यानेच ओढायची, दुसऱ्याने नाही. म्हणजे अठ्ठावीस रेघा. त्याच्या प्रत्येक कामावर म्हणे अशा रेघा असतात आणि भिंतीला रंग लागेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही.

यावरून आठवलं. दादाचा रोजचा धंदाच बांधकामाचा, त्याला एक विचारशील? माझं नाव घेऊ नकोस, शेजारच्यांच्या कामावर झालं असं सांग. स्लॅबला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी मिळालं नाही तर काय होतं? ऊन कडक असेल आणि वारा असेल तर? असंच, माहिती असावी म्हणून.

तू विचारायच्या आत सांगतो, तू जिला स्कूटरवाली म्हणतेस ती मुलगी बरी आहे. ती इथे नाही. तिला पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या वस्तीवर पाठवलं, बसने सहा तास लागतात. कामापुरतं बोलणं होतं. तेव्हा तुझ्या मनात जे आहे ते काढून टाक. मी इथे कामासाठी आलोय. विमानतळावर दादाला ओरडून सांगितलं होतं, तुला लिहून देतो.

कॉलेजची काळजी करू नका. एका वर्षाची रजा म्हणजे जगबुडी नाही.

तुझा,
काडेपेटी
(नाव तूच ठेवलंस, आता भोग.)


१२ मार्च, बुधवार

प्रिय वहिनी,

तुझा निरोप मिळाला. दादा म्हणाला, "कुठल्या शेजाऱ्याचा स्लॅब? आपल्या शेजाऱ्याचं घर तर पत्र्याचं आहे." हे मी वाचत असताना मराठीचा गंध नसलेला खालच्या खाटेवरचाही माझ्या तोंडाकडे बघून हसला. आणि त्यानंतर दादा जेवणभर गप्प होता, असंही तू लिहिलंस. त्याला सवयच आहे. कुणी साधी वेळ विचारली तरी हा आधी घड्याळ कुणाचं ते विचारणार. राहू दे. मला उत्तर नको.

रविवारी चौदा दिवस झाले आणि गोणपाटं उचलली. मधल्या भागात तडे आहेत. केसाएवढे बारीक, पण जाळीसारखे पसरलेले. ओळंबा उकिडवा बसला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग भिंतीपाशी जाऊन त्याने रेघा मोजल्या. अठ्ठावीस भरल्या. पुन्हा मोजल्या. मग खाली उतरला. पुढच्या मंगळवारी शहरातून इंजिनिअर येणार आहे.

म्हातारा अलीकडे विचित्र वागतो. परवा चहाच्या वेळी उन्हातल्या घमेल्यावर तळहात ठेवला, मग सावलीतल्या घमेल्यावर. मग माझं मनगट धरून माझा हात उन्हातल्या घमेल्यावर दाबला आणि विचारलं, गरम आहे ना? मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि गेला. काल नातीच्या गालाला हात लावत होता, भिंतीला लावत होता, पाण्याच्या पिंपाला लावत होता. वय झालं असेल.

सोमवारी माझं भांडण झालं. खालच्या खाटेवरचा म्हणाला, पाणीवाल्याच्या बाकीच्या रेघा दारू प्यायल्यासारख्या, आणि मधल्या चार बघा, पट्टी लावून ओढल्यात. सगळे हसले. मी बादली फेकली. त्याला लागली नाही, दाराला लागली, दाराला पोचा आला. शिट्टीने मला दोन दिवस बटाटे सोलायला बसवलं. तू सांग वहिनी, रेघ सरळ आली तर त्यात हसण्यासारखं काय आहे? कधी सरळ येते, कधी नाही येत.

बटाटे सोलताना विचार केला की तुला अर्धवट सांगून उपयोग नाही. मागच्या पत्रात लिहिलं त्याहून थोडं जास्त आहे. मी स्कूटरवालीला भेटून आलो. जायला एक दिवस, यायला एक दिवस. इथली सोय लावून गेलो होतो, काळजी नको. काय बोलणं झालं ते आत्ता लिहीत नाही.

आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? बाबा अजून माझ्या खोलीचं दार लावूनच ठेवतात का?

तुझा,
काडेपेटी


२२ मार्च, शनिवार

वहिनी,

आज नमस्कार-चमत्कार नाहीत. जीप बाराला निघते आणि त्याआधी मला हे पूर्ण करायचंय.

इंजिनिअर मंगळवारी आला. वर गेला, खिशातून खिळा काढला आणि स्लॅबवर ओरखडा काढला. खिळ्याच्या मागोमाग पीठ उठलं. त्याने ते बोटांवर घेऊन सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, सिमेंट कमी घातलंय. मिश्रणच कच्चं आहे, खाली मुलं बसणार, हा स्लॅब ठेवता येणार नाही. मग आवाज न चढवता त्याने विचारलं, उरलेली पोती कुठे गेली?

लोक एकेक करून खाली उतरले. पण ओळंब्याच्या घराची पायरी गेल्याच महिन्यात नव्याने लिंपलेली आहे. मंगळवार संध्याकाळपासून जो तो जाता-येता त्या पायरीकडे बघतो. एक घमेलंभर माल असेल तो, जुन्या कामातला उरलेला. मी स्वतः पाहिलाय. पण त्याची बायको आता दारात बसत नाही.

आणि तो म्हातारा स्वतःची बाजूच घेत नाही. शिट्टीने त्याला विचारलं, तर म्हणाला, घमेली मोजताना चुकलो असेन, आता माझा भरवसा नाही. बुधवारी त्याने थापी, रंधा, लेव्हलची नळी सगळं पिशवीत भरून पुतण्याच्या हवाली केलं. शाळेच्या कुंपणाचं काम त्याच्या माणसांना मिळणार होतं, ते दुसऱ्याला द्यायचं ठरतंय.

उद्या सकाळी दहाला सभा आहे. सोमवारी घण घेऊन स्लॅब फोडायचा. साठ घरांनी दहा तास उभं राहून जो वर चढवला, तो.

वहिनी, मी कुणाची सोय लावली नव्हती.

त्या मंगळवारी पहाटे, स्लॅब टाकून दोन दिवस झाले होते, मी शिट्टी वाजायच्या आत निघालो, 'शहरात जातोय, उद्या येतो' एवढीच चिठ्ठी आमच्या शिट्टीबाईच्या दाराखाली सरकवून. ओळंबा दोन दिवस वस्तीच्या दुसऱ्या टोकाला संडासांच्या कामावर होता. खालच्याला उठवून फक्त "पाणी मार" एवढं म्हणायचं होतं. पण मग त्याने विचारलं असतं, कुठे चाललास. आणि तो हसला असता. तेवढ्यासाठी. दुसरं काही कारण नाही, मी खूप शोधलं.

ती रोपवाटिकेत बसून पिशव्यांत माती भरत होती. मी सहा तास बसमध्ये पाठ केलेलं सगळं बोललो. तिच्यासाठी इथवर आलो, हेही. तिने हात थांबवले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिच्या मनात तसं काही नाही, कधी नव्हतं, आणि मी तिच्यासाठी आलो हे ऐकून तिला आनंद नाही, भीती वाटली. मग तिने पुढची पिशवी उघडली आणि विचारलं, "तुझ्या स्लॅबला आज पाणी कोण मारतंय?"

मी म्हटलं, खालच्या खाटेवरचा.

तिने मान हलवली आणि मला जेवायला वाढलं. जेवण होईपर्यंत शेवटची बस गेली. त्यांच्या कोठारात पोत्यांवर झोपलो आणि बुधवारी संध्याकाळी परत आलो. ते दोन दिवस इथे कसलं ऊन होतं ते तुला काय सांगू. वारा असा की दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक व्हायचे. गोणपाटं उडून कठड्याला अडकली होती आणि स्लॅब पांढरा पडला होता. तव्यासारखा तापलेला. मी वेड्यासारख्या तीस बादल्या ओतल्या. मग कोळसा घेतला आणि चार रेघा ओढल्या. घाईत नाही, सावकाश. एक जाड, एक बारीक, म्हणजे वेगवेगळ्या वेळच्या वाटाव्यात. एवढी अक्कल मला एरवी सुचत नाही. आणि इतक्या जपून ओढल्या की चौघीही सरळ आल्या.

बुधवारी तुझ्या निरोपासोबत दादाच्या ओळी आल्या. चार महिन्यांनी त्याने मला काही लिहिलं आणि त्यात माझं नावसुद्धा नाही. मला तोंडपाठ झाल्यात, तरी उतरवतो. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी चुकलं तर वरची कातडी जाते, पीठ सुटतं, जाळी पडते. आतला माल चांगला असेल तर स्लॅब मरत नाही. वजन ठेवून तपासून घ्या, फोडू नका. पण पाणी चुकलं हे कुणीतरी सांगायला पाहिजे, नाहीतर इंजिनिअर सिमेंटलाच दोष देणार. ज्याने चुकवलं त्याने सांगावं. सांगणार नसेल तर त्याने पुन्हा कुठल्या बांधकामावर पाय ठेवू नये."

म्हणजे त्याला सगळं कळलंय. पत्र्याच्या घराच्या दिवसापासूनच.

आता माझी भीती ऐक. खोटी नोंद केली तर पुढच्या जीपने घरी, असा संस्थेचा नियम आहे, पहिल्याच दिवशी सही घेतात. घरी म्हणजे कुठे? कॉलेज नाही, ती नाही, आणि दारात दादा. विमानतळावर तो म्हणाला होता की मी सेवेला नाही, स्कूटरच्या मागे चाललोय. मी त्याच्या अंगावर डबा फेकला होता. तो खरं बोलत होता म्हणून फेकला होता.

उद्याच्या सभेला सगळ्या वस्त्यांवरचे स्वयंसेवक येणार आहेत. तीही येईल.

हे पत्र मुद्दाम आजच्या जीपने धाडतोय. तू वाचशील तेव्हा सभेला एक रात्र उरलेली असेल आणि इथे तुझा फोन लागणार नाही. तू समजावलंस म्हणून मी उठलो असं मला नकोय. आणि मी उठलो नाही, तर निदान एका माणसाला माहीत असेल की मी कोण आहे.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

– काडेपेटी म्हणवत नाही आज


२५ मार्च, मंगळवार

दादा,

हे पत्र तुला आहे. वहिनीच्या फोनवर येईल, कारण तुझा नंबर मी रागाने खोडून टाकला होता.

सभा त्याच खोलीत झाली, त्याच स्लॅबखाली. टेकू अजून काढलेले नाहीत, त्यांच्या मधेमधे माणसं बसली होती. उलटी घमेली, विटा, जे मिळेल त्यावर. गवंडीबाबा भिंतीला टेकून जमिनीवर. इंजिनिअर बोलला, मग शिट्टीने बाबांना विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का. ते म्हणाले, फोडा. फोडायला मीही येईन.

मी उठलो. मला इथल्या भाषेतले दोनेकशे शब्द येतात. पाणी, मी, नाही, दोन दिवस, रेघ, खोटी. नेमके तेवढे पुरले. कुठे होतो ते सांगितलं नाही. स्वतःच्या कामासाठी गेलो होतो म्हणालो, तिचं नाव काढलं नाही.

इंजिनिअर हसला. वाईट हसला नाही, तेच वाईट होतं. म्हणाला, मुलगा भावनेच्या भरात म्हाताऱ्याला वाचवतोय, चांगला मुलगा आहे, खाली बस. लोकांनाही ते पटलं. जुळ्यांची आई माझी पॅन्ट ओढून मला खाली बसवायला लागली, डोळ्यांत माया. दादा, मी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत खरं बोललो आणि ते लोक माझं कौतुक करत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पूर्वीचा मी असतो तर घमेलं इंजिनिअरच्या अंगावर गेलं असतं. मी दोन्ही हात काखेत दाबून उभा राहिलो आणि तेच पुन्हा म्हणालो. दोन दिवस. पाणी नाही. रेघा खोट्या. मागे खालच्या खाटेवरचा माझ्याकडे बघत होता. तो हसत नव्हता.

तेवढ्यात स्कूटरवाली उठली. दाराजवळ बसली होती. म्हणाली, हा खरं सांगतोय. ते दोन दिवस हा आमच्या वस्तीवर होता, माझ्याकडे आला होता, आमच्या कोठारात झोपला. मी याला विचारलं होतं पाणी कोण मारतंय, तेव्हाही हा खोटं बोलला. एवढं सगळ्यांसमोर सांगून ती बसली. तिच्या मैत्रिणी तिच्याकडे बघायला लागल्या. आता सगळ्या वस्त्यांवर आम्हा दोघांबद्दल काय काय बोललं जाईल ते तिला माहीत होतं. तिने माझ्यासाठी ते केलं नाही, गवंडीबाबांसाठी केलं. मला तेवढा फरक आता कळतो.

इंजिनिअरने वही मिटली. आणि बाबा भिंतीला धरून उठले. माझ्यापाशी आले. इतक्या जवळ की त्यांच्या अंगाला चुन्याचा वास येत होता.

विचारलं, "बुधवारी? संध्याकाळी तू आलास तेव्हा?"

मी हो म्हटलं.

"गरम होता? कोरडा?"

हो म्हटलं.

त्यांनी स्वतःचा उजवा तळहात वर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. मग वळून, मला नाही, आपल्या बायकोला म्हणाले, "हात बरोबर होता माझा."

शिट्टीने मला नंतर नीट सांगितलं. त्या बुधवारी संडासांच्या कामावरून परतताना ते वर गेले होते, माझ्या पाठोपाठ. मी तीस बादल्या ओतल्या होत्या, पण कठड्याकडचा एक पट्टा राहून गेला होता. त्यांनी हात ठेवला तर तिथे तापलेला आणि कोरडा. त्यांना वाटलं पाणी चुकलंय. मग भिंत बघितली. रेघा पुऱ्या होत्या. रेघेवर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नाही, पन्नास वर्षांत कुणी त्यांच्या भिंतीवर खोटी रेघ ओढली नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून घेतला. बायकोला सांगितलं, माझ्या हाताला आता कळत नाही, थापी खाली ठेवतो. ते पंचवीस दिवस घमेल्यांना, भिंतींना, नातीच्या गालाला हात लावून बघत होते, आणि मी वहिनीला लिहीत होतो की म्हातारा विचित्र वागतो.

इंजिनिअर वजनाची चाचणी घ्यायला तयार झाला. तू लिहिलं होतंस तेच. सोमवारी खालचे टेकू काढले आणि दोनशे पोती वाळू वर चढवली. खाली दांडीला सुई लावली, किती वाकतो ते बघायला. पोती चढवायला वस्तीतले बरेच आले, पण मी कुणाला माझ्या वाट्याची उचलू दिली नाही. बाबा जिन्यावर उभे राहून मोजत होते. मी विसाव्या पोत्याला त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकली आणि म्हणाले, एकवीस. दादा, त्यांनी मला माफ केलेलं नाही. करावं असं मला वाटतं, पण मी त्यांच्या जागी असतो तर नसतं केलं.

चोवीस तास पोती वर होती. त्या चोवीस तासांत मी सुईपासून हललो नाही, कुणी हलवलंही नाही. आज दुपारी मोजलं, चार मिलिमीटर खाली गेला होता. पोती उतरवली तर साडेतीन परत वर आला. इंजिनिअरने लिहून दिलं, फोडायचा नाही. वरची कातडी खरवडून कोबा करायचा, म्हणजे सिमेंटचा नवा थर द्यायचा. जाताना त्याने बाबांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की सिमेंटबद्दल मी चुकलो. जुळ्यांची आई धावत बाबांच्या घराकडे गेली. शाळेच्या कुंपणाचं काम त्यांच्याच माणसांना मिळणार आहे. पिशवी पुतण्याकडून परत आली.

मी उद्याच्या जीपने निघतो. शिट्टीने नियम वाचून दाखवला, मला पाठ होता. तिने शिट्टी काढून खिशात ठेवली होती, ती वेळ तशीच होती.

स्कूटरवाली काल सकाळच्या बसने परत गेली. जाताना मला बाजूला बोलावून म्हणाली, त्या दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी तुला त्याच दुपारच्या बसमध्ये कोंबलं असतं, स्लॅबला एकच दिवस गेला असता, आणि तू मला पुन्हा कधी भेटलास तर मी तुझ्याशी नीट बोलले असते. आता नको. मी बरं म्हटलं. भांडलो नाही.

आता उरलेलं. एका खोट्याचा निकाल लागला म्हणून बाकीची आपोआप खरी होत नाहीत.

कॉलेजने मला रजा दिलेली नाही. मी मागितलीच नव्हती. संस्थेत तिची निवड झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी ऑफिसात जाऊन नाव काढलं आणि दाखला घेतला. तो दाखला माझ्या बॅगेत तळाशी आहे. आपले बाबा चार महिने सगळ्यांना सांगतायत की पोरगा वर्षभर सेवा करून परीक्षेला बसणार. त्यांना हे मी सांगणार आहे, माझ्या तोंडाने, त्यांच्या समोर उभं राहून. तू आधी सांगू नकोस. वहिनीलाही सांगू देऊ नकोस. ती मऊ करून सांगेल आणि मग ते पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

बाबा काय करतील मला माहीत नाही. ओरडले तर ऐकून घेईन. गप्प बसले तर जास्त कठीण आहे, पण उठून जाणार नाही. हात उगारला तर तू मधे पडू नकोस.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास घरी पोचतो. घ्यायला येऊ नकोस. मी बेल वाजवेन तेव्हा दार तू उघड, वहिनीला पुढे करू नकोस. तुला जे म्हणायचंय ते तिथेच उंबऱ्यात म्हण. मी बॅग खाली ठेवून ऐकेन, आणि तू बाजूला झालास तरच आत येईन.

तुझा,
धाकटा भाऊ